पदार्थ टिकवायला निसिन: लहान उद्योगासाठी पायरी-पायरीने

हिंगणा, बुटीबोरी किंवा अगदी घरामागच्या खोलीत खाण्याचे पदार्थ बनवणारे नागपूरकर एक प्रश्न हमखास विचारतात: ‘केमिकल नको भाऊ, काही नैसर्गिक टाकून माल टिकेल काय?’ प्रश्न रास्त आहे. मार्च सरला की पारा चढायला लागतो, मे महिन्यात तो ४५ अंशांच्या पुढे जातो. भंडारा, वर्धा, उमरेडला माल टेम्पोतून उन्हातच जातो, आणि रात्री वीजबिल वाचवायला फ्रिज बंद करणारे दुकानदारही काही कमी नाहीत.

बाजारात याचं एक उत्तर पांढऱ्या पावडरीच्या रूपात मिळतं. नाव निसिन. सूक्ष्मजीव मारणाऱ्या नैसर्गिक पेप्टाइडांपैकी (म्हणजे प्रथिनांसारख्याच, पण छोट्या रेणूंपैकी) अन्नात सर्वांत जास्त वापरलं जाणारं हेच. विकणारे सांगतात की कशातही टाका, माल टिकतो. तसं नाही. निसिन काही ठराविक जिवाणूंवर जबरदस्त चालतं आणि बाकीच्यांना साधा धक्काही लावत नाही. म्हणून पावडर विकत घेण्याआधी आपला माल नेमकं कोण नासवतंय ते शोधायचं. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

निसिन काय आहे

दुधात वाढणारा लॅक्टोकोकस लॅक्टिस नावाचा जिवाणू शेजारच्या जिवाणूंना हुसकावण्यासाठी हे पेप्टाइड तयार करतो. चीज बनवताना वापरल्या जाणाऱ्या विरजणांत हाच जिवाणू असतो. त्याच्या आसपास इतर जिवाणू वाढत नाहीत हे १९२८ मध्ये लक्षात आलं, निसिन हे नाव १९४७ मध्ये पडलं आणि १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये ते व्यापारी पावडर म्हणून विकायला आलं. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९६९ मध्ये त्याला मान्यता दिली, अमेरिकेने १९८८ मध्ये. आंतरराष्ट्रीय क्रमांक आयएनएस २३४.

रचनेने हा ३४ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा आहे. जिवाणूला आपली बाहेरची भिंत बांधायला लिपिड-२ नावाचा रेणू लागतो. निसिन नेमकं त्यालाच धरतं, म्हणजे भिंतीचं काम थांबतं. मग त्याच जागी पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं आणि आतला माल बाहेर सांडतो. एका रेणूची ही दुहेरी मार असल्याने मात्रा फार कमी लागते.

ही मार ग्राम-पॉझिटिव्ह गटावर बसते: क्लॉस्ट्रिडियम, बॅसिलस, लिस्टेरिया, स्टॅफिलोकोकस वगैरे. ई. कोलाय, साल्मोनेला, स्यूडोमोनास हे ग्राम-निगेटिव्ह. त्यांच्या अंगावर एक जादा बाहेरचा पडदा असतो आणि निसिन तो ओलांडून लिपिड-२ पर्यंत पोचतच नाही. बुरशी आणि यीस्ट तर वेगळ्याच जातकुळीचे, त्यांच्यावर निसिनचा काहीच परिणाम नाही.

पोटात गेल्यावर काय होतं? लहान आतड्यातली प्रथिनं पचवणारी एन्झाइमं इतर प्रथिनांसारखंच त्याचंही तुकडे-तुकडे करतात. तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये ठरवलेली रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलीग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला १२० मिलीग्रॅम. चीजमध्ये किलोला १२.५ मिलीग्रॅम टाकलं तर ही मर्यादा गाठायला दिवसाला साडेनऊ किलोच्या वर चीज खावं लागेल.

पहिली पायरी: माल कोण नासवतं ते ओळखा

ही पायरी टाळून थेट पावडर मागवणारेच जास्त, आणि महिन्याभराने ‘निसिन काही कामाचं नाही’ म्हणणारेही तेच.

खराब झालेली पाकिटं फेकू नका. उघडण्याआधी बघा आणि वहीत लिहा: पाकीट फुगलंय की सपाट आहे? वरून रंगीत, लवदार ठिपके दिसतात का? सील सैल आहे का? मग उघडून वास घ्या. चव मात्र घेऊ नका, फुगलेल्या पाकिटाची तर अजिबातच नाही. त्यानंतर पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, मोजा (आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट). डिजिटल पीएच मीटर आता फार महाग राहिलेला नाही. पण तो बफरच्या द्रावणाने रोज जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर आकडा खोटा येतो.

वरून बुरशी दिसली तर निसिनचा विषय तिथेच संपतो. सील, पॅकिंगमधली हवा आणि खोलीची स्वच्छता तपासा. आंबट-दारूसारखा वास आणि बुडबुडे असतील तर बहुधा यीस्ट. पृष्ठभाग चिकट-बुळबुळीत, हिरवट झाक, कुजकट वास, आणि माल फ्रिजमध्ये असूनही हे झालं असेल तर स्यूडोमोनासकडे बोट जातं. तो उष्णतेने सहज मरतो. म्हणजे तो शिजवल्यानंतर कुठून तरी आत आला: धुण्याचं पाणी, हात, सुरी, कापड.

पण माल नीट शिजवलेला, गरम असतानाच भरून सील केलेला, आणि तरीही काही आठवड्यांनी पाकीट फुगतं, जुन्या लोण्यासारखा किंवा सडका वास येतो, तर संशय बीजाणूंवर, म्हणजे जिवाणूंच्या झोपलेल्या, टणक रूपावर घ्यायचा. क्लॉस्ट्रिडियम आणि बॅसिलस हे दोघे अडचणीच्या काळात बीजाणू करून बसतात. ८५ अंशांवर दहा मिनिटं शिजवलं तरी बीजाणू मरत नाही, उलट बाकीचे स्पर्धक मेल्याने त्याला रान मोकळं मिळतं. निसिनची खरी जागा ही आहे. बीजाणू उगवून बाहेर यायला लागला की निसिन त्याला पुढे वाढू देत नाही, आणि उष्णतेने आधीच जखमी झालेला बीजाणू त्याला जास्त लवकर बळी पडतो.

अंदाज बांधून झाला की खात्री करा. एफएसएसएआयची (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मान्यता आणि एनएबीएलचं (प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र असलेल्या प्रयोगशाळेत एक चांगलं आणि एक खराब पाकीट द्या. नुसता ‘टोटल प्लेट काउंट’, म्हणजे सगळ्या जिवाणूंची एकत्र मोजणी, मागू नका. यीस्ट-बुरशी, कोलिफॉर्म आणि ऑक्सिजनसह व ऑक्सिजनविना वाढणारे बीजाणू अशा वेगवेगळ्या मोजण्या मागा. या खर्चाची कुरकूर होते, पण चुकीच्या पावडरीच्या एका डब्यापेक्षा तो बहुतेक वेळा कमीच असतो.

आपल्याकडचे पदार्थ या कसोटीवर

संत्रा बर्फीपासून सुरू करू, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. बर्फीत साखर भरपूर, जिवाणूंना वापरता येईल असं मोकळं पाणी कमी. तिला शत्रू बुरशी. निसिन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

ताजं सुटं पनीर. ओलावा ५० ते ६० टक्के, वरून हात आणि पाणी लागलेलं. त्यावर ग्राम-निगेटिव्ह जिवाणू आणि बुरशी आधी पोचतात. इथे निसिनपेक्षा थंड, उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ कापड जास्त काम करतं. मात्र पनीर व्हॅक्यूम पाकिटात भरून पाकिटासकट गरम पाण्यात तापवत असाल तर चित्र बदलतं. बाकीचे मरतात, बीजाणू उरतात, आणि निसिनला काम मिळतं.

संत्र्याचा रस हा गमतीचा विषय आहे. आंबट रसात बहुतेक जिवाणू टिकत नाहीत, पण अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस नावाचा एक बीजाणूवाला आंबटपणातच रमतो. रसाचं नेहमीचं पाश्चरीकरण तो पचवतो आणि त्याला ४५ अंशांच्या आसपासची ऊब सर्वाधिक मानवते, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातलं गोदाम. पाकीट फुगत नाही, रस गढूळही फारसा होत नाही, फक्त उघडल्यावर फिनाइलसारखा वास येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं की बाटली नीट धुतली नव्हती. प्रयोगशाळेत या जिवाणूवर निसिन फार कमी मात्रेत चालतं, कारण आम्लात ते सर्वांत जोमात असतं. पण शास्त्रात चालणं वेगळं आणि कायद्यात बसणं वेगळं. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या यादीत निसिनपुढे फळांचा रस नाही, तेव्हा परवानगीची ओळ सापडल्याशिवाय रसात ते टाकायचं नाही. दुसरी अडचण केएमएसची. सरबत-स्क्वॉशवाले पोटॅशियम मेटाबायसल्फाइट सर्रास वापरतात आणि सल्फाइट निसिनला निकामी करतं. दोन्ही एकत्र टाकून ‘डबल सेफ्टी’ होत नाही.

सावजी रस्सा पाकिटात भरून विकायचा विचार असेल तर इथे जरा थांबा. मसाला, मटण, तेल, पीएच ४.६ च्या वर, हवाबंद पाकीट, बाहेरचं तापमान. बोट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला यापेक्षा चांगलं घर नाही. त्याचा बीजाणू मारायला रिटॉर्टमध्ये (मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात) पाकिटाच्या मध्यभागी १२१ अंशांवर किमान तीन मिनिटांइतकी उष्णता पोचावी लागते. निसिन त्याची जागा घेऊ शकत नाही. बोट्युलिनमला रोखायला त्याच्या भाऊबंदांपेक्षा जास्त निसिन लागतं आणि तेलकट रश्शात पावडरीचा जोर आणखी कमी होतो. रिटॉर्ट नसेल तर रस्सा गोठवून विका. यात तडजोड नाही.

कच्च्या मटणात किंवा चिकनमध्येही निसिन फुकट जातं, कारण मांसातलं ग्लुटाथायोन त्याला निष्क्रिय करतं. शिजवलेल्या मांसाची गोष्ट वेगळी.

आणि मग येतं चीज स्प्रेड. समजा तुम्ही भिवापुरी मिरची घालून स्प्रेड बनवताय, सँडविचच्या गाड्यांना आणि कॅफेंना देण्यासाठी. मिरची उन्हात जमिनीवर वाळते. मातीतले बीजाणू तिच्यासोबत येतात, आणि कोणत्याही सुक्या मसाल्यात ते भरपूर असतात. चीज स्वतः क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू आणतंच. स्प्रेडचा पीएच साधारण ५.६ ते ६, शिजवणं ८५ अंशांच्या आसपास, मग हवाबंद. निसिनसाठी याहून योग्य पदार्थ शोधून सापडणार नाही. त्याचा पहिला मोठा व्यापारी उपयोगही प्रोसेस्ड चीजमध्येच झाला. म्हणून पुढची पायरी-पायरी स्प्रेड धरूनच सांगतो.

दुसरी पायरी: कायद्यातली ओळ शोधा

एफएसएसएआयच्या २०११ च्या अन्न मानके व अन्न मिश्रके नियमावलीत परिशिष्ट अ आहे. त्यात प्रत्येक पदार्थाला एक फूड कॅटेगरी क्रमांक आणि त्यासमोर चालणारी मिश्रकं व मर्यादा दिलेल्या आहेत. तुमच्या परवान्यावर जी कॅटेगरी आहे तीच ओळ बघायची. ‘चीजसारखंच आहे’ असं म्हणून शेजारची ओळ वापरता येत नाही. नियमावलीत दुरुस्त्या होत राहतात, म्हणून एफएसएसएआयच्या संकेतस्थळावरची ताजी एकत्रित प्रतच उघडा. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जुनी पीडीएफ नको.

तुलनेसाठी कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय यादीतले आकडे: न मुरवलेलं चीज, मुरवलेलं चीज आणि प्रोसेस्ड चीज या तिन्हींना किलोमागे १२.५ मिलीग्रॅम, क्लॉटेड क्रीमला १०, आणि धान्य किंवा स्टार्चच्या गोड पदार्थांना, म्हणजे आपल्या खिरीच्या जातीच्या पदार्थांना, ३. हे सगळे आकडे शुद्ध निसिनचे आहेत, डब्यातल्या पावडरीचे नाहीत. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, चौथ्या पायरीवर लागेल.

निसिन वर्ग-२ च्या परिरक्षकांत (प्रिझर्वेटिव्हमध्ये) मोडतं. सॉर्बेट, बेन्झोएट, सल्फाइट हेही त्याच वर्गातले. वर्ग-२ मधली दोन परिरक्षकं मनाला येईल तशी एकत्र टाकता येत नाहीत. नियमात जिथे मुभा आहे तिथेही प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या मर्यादेच्या हिश्शात मोजतात आणि हिश्शांची बेरीज एकच्या वर जाऊ द्यायची नसते. सॉर्बेट निम्म्या मर्यादेइतकं टाकलं, तर निसिनही फार तर निम्मंच.

तिसरी पायरी: खरेदी

बाजारातल्या पावडरीत निसिन साधारण अडीच टक्केच असतं. बाकी बहुतांश मीठ आणि थोडा दुधाचा घन भाग. ताकद ‘आययू’मध्ये (इंटरनॅशनल युनिटमध्ये) लिहितात. शुद्ध निसिनच्या एका मिलीग्रॅमला ४०,००० आययू, तर अडीच टक्क्यांच्या पावडरीच्या एका मिलीग्रॅमला १,००० आययू. विक्रेत्याकडून त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र घ्या आणि त्यात तीन गोष्टी तपासा: ताकद, जड धातू, सूक्ष्मजीव मोजणी. पाकिटावर ‘फूड ग्रेड’ आणि आयएनएस २३४ असायलाच हवं. निर्मात्याचा एफएसएसएआय क्रमांक, आणि माल आयात असेल तर आयातदाराचाही.

इतवारीत सुटी, पुड्या बांधलेली पावडर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. निसिन आहे की नुसतं मीठ, हे डोळ्यांनी किंवा जिभेने कळत नाही. डबा घट्ट बंद, कोरडा आणि थंड ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर ठेवलेली पावडर वर्षभर तीच ताकद ठेवेल असं समजू नका.

चौथी पायरी: मात्रेचं गणित

हिशेब सोपा आहे, पण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. सूत्र असं:

पावडर (ग्रॅम) = शुद्ध निसिन (मिलीग्रॅम प्रति किलो) × बॅचचं वजन (किलो) ÷ पावडरीतल्या निसिनचा टक्का ÷ १०

उदाहरण: २० किलो स्प्रेड, मर्यादा १२.५, पावडर २.५ टक्के. १२.५ × २० = २५०. त्याला २.५ ने भागलं की १००, आणि १० ने भागलं की १०. म्हणजे २० किलोला १० ग्रॅम पावडर, किलोला अर्धा ग्रॅम. आययूत तपासा: अर्धा ग्रॅम म्हणजे ५०० मिलीग्रॅम, गुणिले १,००० म्हणजे किलोला ५ लाख आययू. आणि १२.५ मिलीग्रॅम गुणिले ४०,००० केलं तरी ५ लाखच. दोन्ही जुळले तर हिशेब बरोबर.

आता उलटी चूक बघा. कोणी १२.५ हा आकडा पावडरीचाच समजला आणि किलोला १२.५ मिलीग्रॅम पावडर टाकली, तर प्रत्यक्षात निसिन पडलं ०.३ मिलीग्रॅमच्या आसपास. चाळिसावा हिस्सा. माल फुगणारच.

सुरुवात मर्यादेच्या टोकापासून करू नका. स्प्रेडला ६.२५ मिलीग्रॅम प्रति किलोपासून, म्हणजे किलोला पाव ग्रॅम पावडरीपासून चाचणी सुरू करा. मर्यादा ही कमाल असते, शिफारस नसते. वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. किराण्याच्या काट्यावर पाच ग्रॅम तोलणं म्हणजे निव्वळ अंदाज.

पनीरसारख्या पदार्थाला बुडवून निसिन द्यायचं असेल तर हिशेब वेगळा. दुधात टाकू नका. पनीर फाडताना आम्लधर्मी निवळीत ते विरघळतं आणि बराच भाग निवळीसोबत गटारात जातो. वडी बुडवण्याआधी आणि निथळल्यावर तोला. समजा २०० ग्रॅमच्या वडीने ४ ग्रॅम द्रावण धरलं. त्या वडीत जास्तीत जास्त २.५ मिलीग्रॅम निसिन चालेल, म्हणजे द्रावणात ग्रॅमला ०.६२५ मिलीग्रॅमच्या वर नको. लिटरला ६२५ मिलीग्रॅम शुद्ध, म्हणजे २५ ग्रॅम पावडर. हे सगळं तुमच्या ओळीत पनीरला परवानगी असेल तरच. एकाच द्रावणात दिवसभर वड्या बुडवत राहिलात तर द्रावण कमकुवत आणि घाण दोन्ही होतं. ते दर बॅचला नवं करा.

पाचवी पायरी: कधी आणि कसं टाकायचं

निसिन आम्लात छान विरघळतं, साध्या पाण्यात कमी. पीएच २ च्या आसपास मिलिलिटरला पन्नासेक मिलीग्रॅम विरघळतं, तर पीएच ६ ला जेमतेम दीड. म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकून पीएच ३ च्या आसपास आणा, त्यात पावडर हळूहळू भुरभुरवा आणि गुठळी राहू देऊ नका. पावडरीच्या वीसेक पट पाणी पुरतं. हे पाणी रेसिपीतल्या पाण्यातूनच वजा करा, नाहीतर स्प्रेड पातळ होतो. द्रावण लागेल तेवढंच करा, उद्यासाठी ठेवू नका.

स्टीम जॅकेटच्या कढईत चीज, लोणी, पाणी, सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखं इमल्सिफायिंग मीठ आणि मिरची घालून एकजीव करा. मिश्रण गुळगुळीत झालं की निसिनचं द्रावण ओता आणि नीट फिरवा. शिजवण्याचं तापमान-वेळ कमी करू नका. निसिन हे बीजाणूंसाठी आहे, बाकीच्यांना उष्णतेनेच मारायचं आहे. या पीएचला शिजवताना निसिन साधारण १५ ते २० टक्के कमी होतं. पीएच उदासीनकडे गेला तर तेच तापमान त्याला जास्त मारतं. त्यामुळे पीएच ५.८ च्या खाली ठेवता आला तर पावडरीचा जोर वाढतो, आणि बीजाणूंनाही ते मानवत नाही. चव बिघडू न देता पीएचचा आकडा ०.५ ने खाली आणणं, हे माझ्या मते मात्रा दुप्पट करण्यापेक्षा चांगलं.

मिरची कच्ची, वरून भुरभुरवू नका. आधी धुऊन, वाफवून, वाटून घ्या. बीजाणू जितके कमी आत येतील तितकं निसिनला कमी झगडावं लागतं. निसिन आहे म्हणून जुनं, वास मारणारं चीज खपवायचा मोह होतो. बीजाणू फार असतील तर कोणतीही मात्रा अपुरी पडते.

भरताना मिश्रण ७५ अंशांच्या वर असू द्या, डबे कोरडे आणि स्वच्छ, आणि सील झाल्यावर लवकर गार करा. गार करायला डबे शेडमध्ये पंख्याखाली रचून ठेवणं नागपूरच्या मे महिन्यात चालत नाही. आतला डबा रात्रीपर्यंत कोमट राहतो. बर्फाच्या पाण्याची टाकी किंवा थंड खोली हवी.

सहावी पायरी: टिकतं का, ते मोजा

एका बॅचचे तीन भाग करा: निसिन नसलेला, अर्ध्या मात्रेचा, पूर्ण मात्रेचा. पहिला भाग वगळला तर फरक निसिनमुळे पडला की थंडीमुळे, हे कधीच कळणार नाही. प्रत्येक भागातले डबे तीन ठिकाणी ठेवा: फ्रिजमध्ये ४ ते ७ अंश, खोलीत, आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. इन्क्युबेटर नसेल तर प्रयोगशाळेत ठेवून घ्या. कुलर लावलेली खोली आणि टिनाचं गोदाम यांत १२-१५ अंशांचा फरक सहज पडतो, तेव्हा ‘रूम टेम्परेचर’ लिहू नका, थर्मामीटरचा आकडा लिहा.

दर आठवड्याला प्रत्येक ठिकाणचा एक डबा उघडा. फुगवटा, वास, रंग, पीएच, आणि महिन्यातून एकदा प्रयोगशाळेतून बीजाणू व यीस्ट-बुरशी मोजणी. निसिन स्वतःही साठवणुकीत हळूहळू कमी होतं, आणि जितकी उष्णता जास्त तितकं लवकर. त्यामुळे ३७ अंशांवर दोन महिने टिकलेला माल फ्रिजमध्ये सहा महिने टिकेल, असा थेट गुणाकार करता येत नाही. लेबलवर तेवढेच दिवस लिहा जेवढे मोजले आहेत, आणि त्यातूनही थोडे कमी.

मुद्दाम जिवाणू टाकून घेतली जाणारी चॅलेंज टेस्ट फक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत करा. आपल्या कारखान्यात क्लॉस्ट्रिडियम किंवा लिस्टेरियाची कुपी आणायचीच नाही.

सातवी पायरी: लेबल

घटकांच्या यादीत परिरक्षक म्हणून निसिन किंवा आयएनएस २३४ लिहावंच लागतं. पावडरीत दुधाचा अंश असल्याने दुधाची अ‍ॅलर्जी-सूचनाही हवी. स्प्रेडला ती तशीही लागते, पण खिरीच्या नारळ-दुधाच्या प्रकाराला विसरायला होते. निसिन असताना ‘नो प्रिझर्वेटिव्ह’ लिहिणं सरळ खोटं आहे. ‘नॅचरल’ या शब्दाचा मोह तर सगळ्यांनाच होतो. एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमावलीत तो शब्द कधी वापरता येतो याच्या अटी आहेत आणि बाहेरून मिश्रक टाकलेल्या प्रोसेस्ड पदार्थाला त्या अडचणीच्या ठरतात. जिवाणूने बनवलंय म्हणून पाकिटावर हिरवी पानं काढू नका.

दुसरी पेप्टाइडं

एप्सिलॉन-पॉलिलायसिन हे दुसरं नाव ऐकू येईल. जपानमध्ये १९७७ मध्ये सापडलं, तिथे भात आणि सुशीत वापरतात. ते यीस्ट आणि ग्राम-निगेटिव्हवरही चालतं, ही त्याची जमेची बाजू. पेडिओसिन लिस्टेरियावर उत्तम. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम, जे पेप्टाइड नसून मोठं प्रथिन आहे, चीजमधल्या क्लॉस्ट्रिडियमवर वापरतात. पण अंड्यापासून असल्याने अ‍ॅलर्जीची सूचना आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्हाचा प्रश्न येतो, आणि आपल्या गिऱ्हाइकाला तो नको असतो. नॅटामायसिन बुरशीवर चालतं, चीजच्या फक्त पृष्ठभागावर वापरतात. लोक त्याला निसिनचा भाऊ समजतात, पण ते पेप्टाइडच नाही. यातलं काहीही वापरण्याआधी दुसरी पायरी पुन्हा करावी लागेल.

निसिन टाकूनही डबा फुगला तर

ती बॅच लगेच बाजूला काढा, दुकानांत गेलेले डबे परत मागवा आणि बॅच क्रमांकावरून राखून ठेवलेला नमुना शोधा. दर बॅचचे दोन-तीन डबे तारीख टाकून ठेवायची सवय नसेल तर आजपासून लावा. मग या क्रमाने तपासा: पावडर कोणत्या लॉटची, किती तोलली, वहीत सही आहे का. त्या दिवशी केएमएसवालं कोणतं सरबत किंवा सल्फाइट लावलेले सुके घटक त्याच कढईत झाले होते का. कढईचा थर्मामीटर बरोबर आहे का, कारण तो पाच अंश जास्त दाखवत असेल तर माल कमी शिजतोय. पीएच किती होता. नवीन मिरचीचा किंवा चीजचा लॉट होता का. सील पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का.

बुडबुडे आले तर दोष सीलिंग मशीनच्या पट्टीत आहे, ती बदला. सील पक्कं आणि बीजाणूंची मोजणी जास्त आली तर मिरचीचा आणि चीजचा लॉट परत करा, आणि पुढचा लॉट घेण्याआधीच त्याची बीजाणू मोजणी मागून घ्या. सील पक्कं, बीजाणू कमी आणि यीस्ट सापडलं, तर भरणीच्या नळीपासून झाकणांपर्यंत सगळं खोलून धुवा. फुगलेले डबे पिशवीत बांधून नष्ट करा. जनावरांना घालू नका.